आपला उजेड, समोरच्याचा अंधार

सोलापुरात मोटारसायकलवाला भेटला की तीन प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते, सर्व्हिसिंग कुठं करतोस, आणि रात्री नीट दिसतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणसागणिक बदलतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र मी लहानपणापासून एकच ऐकत आलोय. "दिसतं, पण बल्ब बदलायला पाहिजे."

हा बल्ब आपण किती वर्षं बदलतोय याचा मी मध्यंतरी जरा मागोवा घेतला आणि गंमत वाटली. बल्ब बदलत गेला, तक्रार मात्र तिथंच राहिली.

आपल्याकडे दिव्याची सक्ती आधी सायकलला आली. रात्रपाळी सुटल्यावर गिरणीतून घरी निघालेला कामगार सायकलला रॉकेलची चिमणी किंवा डायनॅमो लावायचा. त्या दिव्यात रस्ता किती दिसायचा हे सोडा, पोलिसाला आपण दिसलो म्हणजे झालं! 'दिवा नाही' म्हणून चौकात सायकलची हवा सोडल्याचे किस्से जुन्या माणसांकडे अजून आहेत.

मोटारसायकल जगात आली तेव्हा तिला विजेचा दिवा नव्हताच. कारबाईटची बत्ती असायची. वरच्या डबीत पाणी, खालच्या डबीत कॅल्शियम कारबाईड. थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. आठवडी बाजार आणि तमाशाच्या फडावर ज्यांनी ही बत्ती पाहिली आहे, त्यांना तो पांढराशुभ्र उजेड आणि तो उग्र वास लगेच आठवेल.

नंतर डायनॅमो आला, बॅटरी आली, टंगस्टनचा बल्ब आला. आणि १९२० च्या दशकात एक छोटा पण फार मोलाचा बदल झाला. एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या, एक लांबच्या उजेडासाठी आणि एक खाली पडणाऱ्या उजेडासाठी. आपण ज्याला 'अप्पर-डिप्पर' म्हणतो ते हेच. मला ही या सगळ्या कथेतली सर्वात सभ्य घटना वाटते. तोवरचा सगळा विचार 'मला किती दिसतं' एवढाच होता. डिप्परच्या तारेत पहिल्यांदा समोरून येणाऱ्या माणसाचा विचार शिरला.

आता आपल्याकडे या. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनू लागली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा आली, त्याच दशकात राजदूत आली. तेव्हाच्या बहुतेक दुचाकी ६ व्होल्टच्या. त्यांतल्या ज्या गाड्यांचा दिवा थेट मॅग्नेटवर चालायचा, त्यांची तऱ्हाच वेगळी. ॲक्सिलरेटर पिळला की उजेड, खड्डा आला म्हणून वेग कमी केला की अंधार. म्हणजे नेमका जेव्हा खड्डा दिसायला हवा तेव्हाच दिवा मिणमिणणार! आमच्या घरी अशीच एक गाडी होती. बार्शीहून रात्री येताना वडील उतारावर सुद्धा क्लच दाबून इंजिन रेस करायचे, ते दिव्यासाठी.

यामागे साधा हिशोब आहे. तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टमध्ये १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. करंट जास्त म्हणजे बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग आणि जुनं स्विच यांत व्होल्टेज जास्त गळणार. आणि तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. १० टक्के व्होल्टेज कमी पडलं की उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. म्हणून जुने मेस्त्री सांगायचे, "बल्ब नंतर बघू, आधी वायरिंग बघा." रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर थेट हेडलाईटला दिली की तोच जुना बल्ब वेगळा वाटायचा. हे शहाणपण स्वस्त होतं, म्हणूनच बहुधा फारसं विकलं गेलं नाही.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १०० सीसीच्या गाड्यांचं युग सुरू झालं. पुढे १२ व्होल्ट सर्रास झालं, पाठोपाठ हॅलोजन आला. साध्या बल्बची तार जळत जळत काचेवर काजळी धरते. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमिन ते उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेवर आणून सोडतं. त्यामुळे तार जास्त तापवता येते आणि काचही काळी पडत नाही. लहान गाड्यांना ३५ वॅटचा, मोठ्यांना ६०/५५ चा बल्ब यायचा. पण आपलं समाधान कुठं होतंय? दुकानात त्याच होल्डरमध्ये बसणारा १००/९० चा मिळायचा. तो लावला की चार दिवस राजेशाही, पाचव्या दिवशी होल्डर वितळलेला आणि बॅटरी बसलेली.

मग आले निळसर पांढरे एलईडी. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळालं. शोध थोरच, वीजही कमी लागते. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बल्ब खुपसला की घोटाळा होतो. हॅलोजनमध्ये ती काही मिलिमीटरची तार ठरलेल्या जागी असते. डिप्परच्या तारेखाली तर एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते आणि रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडू देते, म्हणून झोत रस्त्यावर उतरतो. स्वस्त एलईडीत ही जागा चुकते आणि उजेड चहूकडे फाकतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख दिसतंय! खरं तर पुढचाच दहा फूट रस्ता उजळलेला असतो, त्या झगझगाटाने बुबुळ आकसतं आणि लांबचं उलट कमी दिसतं.

समोरच्याचं काय होतं? ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर सावरायला तीन सेकंद लागले, तर तो ५० मीटर आंधळा चालला. वय झालं असेल तर आणखी जास्त.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा किंवा चालकाला खाली वळवता यायला हवा, इतका की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचा डोळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड होऊ शकतो. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच राहतो. लोकांनी सुरुवातीला "दादा, लाईट चालू आहे" म्हणून हातवारे केले, नंतर सवय झाली. सायकलच्या चिमणीपासून निघालेला दिवा फिरून तिथंच आला बघा: आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून.

हे सगळं मला तुळजापूर रस्त्यावर फार जाणवतं. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत आईच्या दर्शनाला जातात. त्या वेळी वाहतूक दुसरीकडे वळवतात, ते ठीक. पण वर्षभर या रस्त्यावर उळे, तामलवाडीच्या बाजूला कुणी ना कुणी अंधारात कडेने चालत असतंच. दोन गाड्या समोरासमोर आल्या, दोघांचेही बल्ब जोरदार, दोघांनीही डिप्पर दिला नाही, की कडेचा माणूस दोघांनाही दिसत नाही. दोन्हीकडून उजेड आणि मधोमध काळोख.

आमच्या जिल्ह्यात दुसरी भीती उसाच्या ट्रॉलीची. गाळप हंगामात मोळ्या इतक्या मागे लोंबतात की दिवा असलाच तरी झाकला जातो. अशा ट्रॉलीपुढे १०० वॅटही थिटे पडतात, त्यातून समोरून कुणी डोळ्यांत झोत मारत असला तर बघायलाच नको.

तेव्हा बल्ब जरूर बदला, पण आधी काच पुसा, वायरिंग तपासा, रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली आणा. आणि शेतात ट्रॉली असेल तर मागे, मोळ्यांच्याही बाहेर दिसेल अशी, लाल रिफ्लेक्टरची पट्टी बांधा. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. येणाऱ्याचाच उजेड ती त्याला परत करते आणि कुणाचे डोळेही दिपवत नाही. शंभर वर्षांच्या या सगळ्या खटाटोपात मला तरी याहून चांगला दिवा सापडलेला नाही.