व्याकरणदोष, क्वेरी पार्सरमधील

डेटाबेसला दिलेल्या क्वेरीचा अन्वय लावणाऱ्या पार्सरच्या नियमांत राहून गेलेली चूक. लेक्सर क्वेरीतील अक्षरांचे टोकन पाडतो आणि पार्सर व्याकरणानुसार त्यांचा रचनावृक्ष उभा करतो. दोष असलेला पार्सर कधी बरोबर क्वेरी नाकारतो, तर कधी ती स्वीकारून भलताच अर्थ लावतो. यातली दुसरी तऱ्हा अधिक घातक. तिथे त्रुटीसंदेश येत नाही आणि चुकीचे आकडे बिनबोभाट अहवालात जाऊन बसतात.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमधील ‘नॉट बिट्वीन’चा दोष हे पहिल्या तऱ्हेचे चांगले उदाहरण. पोस्टग्रेसचे व्याकरण पार्सर तयार करणाऱ्या बायसन या साधनासाठी लिहिलेले आहे. बायसन हा याक या साधनाचा ग्नू अवतार. मूळ याक १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिला. या पद्धतीचा पार्सर पुढचे एकच टोकन पाहून निर्णय घेतो. दोषाचे मूळ तिथेच आहे.

वाशिम जिल्ह्याच्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा तक्ता घेऊ. ‘पाऊस’ हा मिलिमीटरमधील आकडा, तर ‘नुकसान’ हा सोयाबीनविषयीचा होय-नाही स्तंभ. सोयाबीनला कमी पाऊस जसा मारक तसा जास्तही, म्हणून अट अशी: नुकसान = पाऊस नॉट बिट्वीन ७०० अँड ९००. (स्तंभांची देवनागरी नावे पोस्टग्रेसला विनातक्रार चालतात. आकडे मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. देवनागरी ७०० लिहिले तर लेक्सर त्यालाही स्तंभाचे नाव समजतो आणि असा स्तंभ नाही म्हणून कळवतो.)

नुसते ‘बिट्वीन’ असते तर अडचण नव्हती. त्याचा अग्रक्रम बरोबरीच्या चिन्हाहून वरचा, म्हणून आधी पावसाची अट तपासली जाते आणि मग तिची नुकसानीशी तुलना होते. ‘नॉट’ आला की गणित बिघडे. ‘नुकसान = पाऊस’ एवढे वाचून झाल्यावर पार्सरला पुढे फक्त ‘नॉट’ दिसे, आणि त्याचा अग्रक्रम बरोबरीहून खालचा. मग पार्सर तिथेच कंस मिटवून होय-नाहीची तुलना मिलिमीटरशी करू पाही आणि क्वेरी त्रुटी देऊन थांबे. उजव्या बाजूला मात्र ‘नॉट बिट्वीन’ हे ‘बिट्वीन’च्या अग्रक्रमाने वागे.

पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांनी केलेली दुरुस्ती ७ जानेवारी २०१६ रोजी आलेल्या ९.५ आवृत्तीत प्रसिद्ध झाली. लेक्सर आणि पार्सर यांच्यामध्ये एक गाळणी आधीपासून होतीच. ‘नॉट’ दिसताच ती आता पुढचे टोकन डोकावून पाहते. ते बिट्वीन, इन, लाइक, आयलाइक किंवा सिमिलर असेल, तर साध्या ‘नॉट’ऐवजी ‘नॉट_एलए’ हे वेगळे टोकन पार्सरच्या हाती देते. त्याला ‘बिट्वीन’च्याच पंगतीत बसवलेले आहे. पार्सर पूर्वीसारखाच एक टोकन पुढे पाहतो. बायसन एरवी नियमांत संघर्ष दिसला की नुसता इशारा देऊन, स्वतःच एक बाजू निवडून पुढे जातो. पोस्टग्रेसच्या व्याकरणात मात्र अपेक्षित संघर्ष शून्य, असे आधीच जाहीर केलेले असते; म्हणजे असली दुरुस्ती करताना एक जरी संघर्ष उरला तरी पार्सर तयारच होत नाही. ही शिस्त जाचक वाटते, पण क्वेरीचा अर्थ असा बायसनच्या मर्जीवर सोडणे परवडण्यासारखे नाही.

त्याच आवृत्तीत इतर अग्रक्रमही एसक्यूएल मानकाप्रमाणे बदलले, आणि खरी जोखीम तिथे होती. ‘नुकसान = मदत इज नल’ ही अट घ्या; ‘मदत’ हाही होय-नाही स्तंभ. पूर्वी ‘मदत’ रिकामी आहे का हे आधी पाहून उत्तराची नुकसानीशी तुलना होई, ९.५ पासून तुलना आधी होते आणि तिचे फलित रिकामे आहे का ते पाहिले जाते. दोन्ही वाचने वैध, म्हणून त्रुटी कुठेच नाही. पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल या भाषेतील फंक्शनचा मजकूर जसाच्या तसा साठवला जातो आणि नव्या आवृत्तीत पुन्हा पार्स होतो, त्यामुळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले कोडही यात सापडू शकते. अशी ठिकाणे हुडकण्यासाठी ‘ऑपरेटर प्रिसिडन्स वॉर्निंग’ हे सेटिंग दिले गेले. ते मूलतः बंद असे. २०२१च्या १४व्या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले.