व्हॅक्स यंत्राचा दुसरा संसार
अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली ‘व्हॅक्स-११/७८०’ हा संगणक बाजारात आणला. व्हीएमएस ही कार्यप्रणालीही कंपनीचीच. तथापि यंत्राने एकाच प्रणालीशी जन्माची गाठ बांधावी असे नव्हते. बर्कली येथील विद्यापीठीय मंडळींनी १९७९ मध्येच त्यावर आपली युनिक्सची आवृत्ती चालविली होती.

पुढे १९९८ मध्ये कंपनी कॉम्पॅककडे गेली आणि २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. यंत्रे मात्र चालतच होती. हौशी संग्राहकांना व्हीएमएसचे विनामूल्य परवाने मिळत, पण ते मुदतीचे. ही योजना बंद होत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि २०२१ अखेर परवान्यांची मुदत सरली. कपाटात ग्रंथ शाबूत, परंतु वाचण्याची मुभा संपलेली, असाच हा प्रकार!

अशा वेळी नेटबीएसडी ही मुक्त प्रणाली उपयोगी पडली. तिचा आरंभ १९९३ चा. व्हॅक्सवर ती आणण्याचे काम १९९४ पासूनचे. मायक्रोव्हॅक्ससारख्या नंतरच्या लहान यंत्रांत ती बसविण्यास फीत वा तबकडी लागतेच असे नाही. शेजारच्या संगणकाला सिरियल तार जोडून आज्ञा द्यावयाची; व्हॅक्स ‘मॉप’ या संकेतपद्धतीने जाळ्यावर साद घालतो आणि शेजारी त्यास आरंभीचा प्रोग्रॅम धाडतो. ‘मॉप’ ही डिजिटलचीच निर्मिती. म्हणजे घरधन्याने ठेवलेल्या दारातूनच परका आत येतो. काम अर्थातच संथ. सुरक्षित संपर्कासाठी लागणाऱ्या आजच्या लांबलचक किल्ल्या घडविताना या वृद्ध यंत्राची फार दमछाक होते. तरीही २०२४ मध्ये निघालेल्या नेटबीएसडीच्या दहाव्या आवृत्तीत व्हॅक्सचे नाव कायम आहे.