जालन्याच्या छावणीतला पक्षिशास्त्रज्ञ

जालन्याची छावणी इंग्रजांनी १८२७ च्या सुमारास वसवली. मुलूख निजामाचा, पण तिथल्या तैनाती फौजेत पलटणी मद्रासच्या लष्कराच्या. म्हणूनच मद्रासच्या नोकरीत असलेला लष्करी डॉक्टर थॉमस कॅव्हरहिल जर्डन (१८११–१८७२) मराठवाड्यात पोहोचला. इंग्लंडातल्या डरहॅम परगण्यात जन्मलेला आणि एडिंबरोला शिकलेला जर्डन १८३६ च्या फेब्रुवारीत मद्रासला उतरला. पहिली नेमणूक गंजामची. १८३७ मध्ये त्याची बदली त्रिचनापल्लीच्या दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत झाली आणि पुढे त्या रेजिमेंटबरोबर तो जालन्याला आला.

कुठला प्रदेश पाहायचा हे त्याच्या हाती नव्हते. ते लष्कराच्या हुकमावर ठरे. पण याच बदल्यांमुळे पूर्व किनारा, तमिळ मैदान आणि दख्खनचे पठार असे तीन वेगळे मुलूख काही वर्षांत एकाच माणसाच्या नजरेखालून गेले. जालन्याभोवतीचा माळ त्याला पूर्वी पाहिलेल्या प्रदेशांहून अगदी निराळा होता. काळी जमीन, ज्वारी-कापसाची शेते, मधूनमधून गवताची राने आणि बोडक्या टेकड्या. माळढोक, तणमोर, धाविक, पखुर्डी, चंडोल यांचे घर असावे ते अशाच भूमीत.

जर्डनने सुरुवातीला जमवलेली पक्ष्यांची कातडी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला पक्षितज्ज्ञ विल्यम जार्डिनकडे पाठवली होती. समुद्रप्रवासात त्या कातड्यांना कसर लागली आणि सगळे श्रम वाया गेले. यानंतर परदेशातल्या तज्ज्ञाची वाट न पाहता तो स्वतःच पक्षी ओळखू लागला. आपल्याकडच्या पक्षिशास्त्राच्या दृष्टीने ही हानी उपकारकच ठरली. १८३९–४० मध्ये मद्रासच्या साहित्य-विज्ञानविषयक नियतकालिकात त्याची द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची सूची छापून आली. तीत सुमारे ४२० जाती होत्या. कर्नल सायक्सने १८३२ मध्ये दिलेल्या दख्खनच्या यादीच्या जवळजवळ दुप्पट.

कातडे टिकले तरी रंग टिकत नाहीत. पक्षी मेला की बुबुळाचा, चोचीच्या मुळाचा, पायांचा आणि डोळ्याभोवतीच्या उघड्या त्वचेचा रंग लवकर उतरतो. म्हणून चित्रकाराने ताजा पक्षी समोर ठेवून काम उरकायचे, हाच खरा उपाय. जर्डनने यासाठी देशी चित्रकार हाताशी धरले. त्यांच्या चित्रांवरून ५० रंगीत पानांचा ग्रंथ १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून भागाभागाने निघाला. शिळाछापाच्या प्रत्येक प्रतीत रंग हाताने भरले जात. ह्यू स्ट्रिकलंडसारख्या अभ्यासकाने या चित्रांची मनापासून वाखाणणी केली. पक्ष्यांना जर्डनचे नाव मिळाले. ज्यांच्या कुंचल्यामुळे ते ओळखू येतात, त्या चित्रकारांना मात्र ग्रंथाच्या कीर्तीत वाटा मिळाला नाही, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे.

१८४१ मध्ये जर्डनचे फ्लोरा मॅकलिऑडशी लग्न झाले. तिला ऑर्किडची आवड होती आणि ती वनस्पतींची चित्रेही काढत असे. रेजिमेंट सोडल्यावर तो काही काळ निलगिरीत राहिला, मग नेल्लोरला सिव्हिल सर्जन झाला. तिथे यानादी या आदिवासी लोकांशी त्याचा निकटचा संबंध आला. पूर्व घाटाच्या त्याच पट्ट्यातून त्याने जो दुर्मीळ धाविक उजेडात आणला, त्याला पक्षिशास्त्रज्ञ ब्लाइथने १८४८ मध्ये शास्त्रीय नाव दिले. ‘जर्डनचा धाविक’ विसाव्या शतकात बहुतेक काळ नामशेष मानला जात होता. १९८६ मध्ये तो आंध्रातल्या कडप्पा भागात पुन्हा सापडला. तेलिचेरीला असताना जर्डनने मुंग्यांचाही अभ्यास केला.

व्हाइसरॉय कॅनिंगच्या पाठबळावर १८६२–६४ मध्ये त्याचा भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. एक हजाराहून अधिक जातींची माहिती देणाऱ्या या ग्रंथात रंगीत चित्रपाने नाहीत. मुक्कामामागून मुक्काम हलवणाऱ्या माणसाला ग्रंथालय बरोबर नेता येत नाही, हे जर्डन अनुभवाने जाणत होता. म्हणून प्रवासात जवळ बाळगता येईल असे पुस्तक त्याला लिहायचे होते. सस्तन प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ १८६७ मध्ये आला. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि १८७० मध्ये इंग्लंडला परतला. जून १८७२ मध्ये त्याचे निधन झाले.