‘किड्स सी घोस्ट्स’: एकाच हिवाळ्याच्या तोंडावर कोसळलेल्या दोन रॅपर्सचा २४ मिनिटांचा अल्बम

८ जून २०१८ रोजी कान्ये वेस्ट आणि किड कडी या अमेरिकन रॅपर्सनी मिळून एक अल्बम काढला. नाव ‘किड्स सी घोस्ट्स’, म्हणजे लहान मुलांना भुतं दिसतात. त्यांच्या जोडीचं नावही तेच. गाणी फक्त सात आणि सगळी मिळून लांबी सुमारे २४ मिनिटं. तरीही मानसिक आजारातून सावरण्याबद्दल हिप-हॉपमध्ये काय काय बोललं गेलंय, याचा विषय निघाला की आजही हा अल्बम आठवतो. त्याचं कारण गाण्यांइतकंच त्याआधीच्या दोन वर्षांत आहे.

पण गोष्ट सुरू होते आणखी दहा वर्षं मागे. नोव्हेंबर २००७ मध्ये कान्येची आई डॉन्डा वेस्ट यांचं निधन झालं. पुढच्या काही महिन्यांत त्याचं ठरलेलं लग्नही मोडलं. त्या काळात क्लीव्हलँडचा एक तरुण गायक त्याच्या संपर्कात आला. स्कॉट मेस्कडी, म्हणजेच किड कडी. कडी अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्करोगाने गेले होते, त्यामुळे दुःखावर गाणं त्याला नवीन नव्हतं. रॅप करता करता मध्येच तो नुसता हुंकार भरत गुणगुणतो, आणि शब्दांपेक्षा ते गुणगुणणंच जास्त लक्षात राहतं. २००८ मध्ये आलेल्या कान्येच्या ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ या उदास अल्बमवर कडीचा मोठा हात आहे. रॅपरने रडकं होणं पुढे चालून गेलं, त्याची वाट बऱ्याच अंशी या अल्बमने मोकळी केली.

मैत्री मात्र कायम तणावाची राहिली. एक मोठा स्टार, दुसरा त्याने पुढे आणलेला. २०१३ मध्ये कडीने कान्येची ‘गुड म्युझिक’ ही कंपनी सोडली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने ट्विटरवर कान्ये आणि ड्रेक या दोघांनाही सुनावलं. रोख होता तो इतरांकडून गाणी लिहून घेण्यावर. कान्येने भर कार्यक्रमात स्टेजवरून उत्तर दिलं. काही दिवसांत त्याचा सूर मवाळही झाला.

मग आला ऑक्टोबर. कडीने फेसबुकवर चाहत्यांना पत्र लिहिलं. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांमुळे आपण उपचार केंद्रात दाखल झालो आहोत, हे त्याने उघड सांगितलं, आणि हे सांगताना लाज वाटतेय हेही सांगितलं. कृष्णवर्णीय पुरुषांनी मनाच्या आजाराबद्दल बोलावं की नाही, यावर त्यानंतर सोशल मीडियावर मोठी चर्चा झाली.

नोव्हेंबरमध्ये कान्येची पाळी आली. सॅक्रामेंटोच्या कार्यक्रमात जेमतेम काही गाणी म्हणून तो बराच वेळ बोलत सुटला आणि निघून गेला. उरलेला दौरा रद्द झाला आणि लगेचच त्याला लॉस एंजेलिसमध्ये रुग्णालयात दाखल करावं लागलं. भांडून मोकळे झालेले दोन मित्र दोन महिन्यांच्या आत वेगवेगळ्या खोल्यांत उपचार घेत होते.

वायोमिंगमधला उन्हाळा

२०१८ मध्ये कान्येने वायोमिंग राज्यातल्या डोंगराळ भागात मुक्काम ठोकला. पाच आठवडे, दर शुक्रवारी एक, असे पाच छोटे अल्बम त्याच्या हाताखाली तयार होऊन बाहेर पडले: पुशा टी, तो स्वतः, मग कडीसोबतचा, नंतर नास आणि टियाना टेलर. स्वतःच्या ‘ये’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरच त्याने बायपोलर आजाराचा उल्लेख केला. त्याआधी महिनाभर त्याने डोनाल्ड ट्रम्प यांचं कौतुक आणि गुलामगिरी ही जणू निवड होती अशा अर्थाचं वक्तव्य करून स्वतःच्याच चाहत्यांना दुखावलं होतं. त्यामुळे ‘ये’ ऐकताना बरेच जण रागातच होते.

आठवड्याने आलेला ‘किड्स सी घोस्ट्स’ वेगळा ठरला, तो कडीमुळे. पहिल्या गाण्यात कान्ये रॅप करतच नाही, तोंडाने बंदुकीच्या फैरींचे आवाज काढतो. आणि त्या धुमाकुळावर कडी आपल्याला अजून प्रेम जाणवतंय असं ओरडून सांगतो. ‘फ्री’ हे ‘ये’मधल्या ‘घोस्ट टाउन’चा दुसरा भाग आहे, आणि त्यात वेदनेतून सुटल्याची आरोळी आहे. आरोळी जोरदार आहे, पण पटते ‘रीबॉर्न’मधली शांतता. साधी पियानोची धून आणि पुढे चालत राहण्याबद्दल कडीने पुन्हा पुन्हा म्हटलेली एक ओळ. बरं झालो असं तो म्हणत नाही, चालतोय एवढंच म्हणतो. त्याच गाण्यात कान्ये औषधं बंद होती आणि लोक वेडा म्हणत होते याची कबुली देतो. इतरत्र क्वचित सापडणारा संयम इथे त्याच्यात आहे. कडीला जागा देऊन तो बाजूला राहतो.

शेवटचं गाणं ‘कडी माँटाज’. त्याचा पाया आहे निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या गिटारचा एक जुना तुकडा. कोबेनने १९९४ मध्ये आत्महत्या केली होती. तो तुकडा घेऊन त्यावर जगण्यासाठी हाक घालणारं गाणं रचणं, ही अल्बममधली सगळ्यात धाडसी निवड म्हणावी लागेल. मुखपृष्ठ जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांचं आहे आणि त्यामागे होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रमालेची प्रेरणा आहे.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. समीक्षकांनी वायोमिंगच्या पाचांमध्ये ‘डेटोना’च्या बरोबरीने त्याचं नाव घेतलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅम्प फ्लॉग नॉ महोत्सवात दोघांनी तो एकत्र सादर केला.

मैत्री यातून कायमची जुळली असं मात्र झालं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कान्येने कडीला आपल्या नव्या अल्बममधून काढल्याचं जाहीर केलं. कारण कडीची कॉमेडियन पीट डेव्हिडसनशी मैत्री होती, आणि डेव्हिडसन तेव्हा कान्येची पत्नी किम कार्दाशियनसोबत होता. किमने घटस्फोटासाठी आधीच अर्ज केलेला होता. कडीनेही पुढे कान्येसोबत काम करणार नसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मायामीच्या रोलिंग लाउड महोत्सवात कान्येने ऐनवेळी माघार घेतली आणि त्याच्या जागी कडीला बोलावण्यात आलं. गर्दीतून बाटल्या येऊ लागल्या. पुन्हा काही फेकलं तर निघून जाईन, असं कडीने बजावलं. पुन्हा फेकलं गेलं, आणि तो स्टेजवरून उतरला.