तीन दगडांच्या चुलीला पर्याय

परवा शनिवारी चहा घेत एका चुलीचं डिझाइन बघत बसलो होतो. बर्कले-दारफूर स्टोव्ह. आपण पडलो इंजिनिअर... पत्र्याचा आकार, हवेची भोकं, लाकडाची बचत यातच रमलो. ही चूल बलात्कार कमी व्हावेत म्हणून केली होती, हे बऱ्याच उशिरा वाचलं!

पश्चिम सुदानमधल्या दारफूरमध्ये २००३ साली युद्ध पेटलं. लाखो लोक छावण्यांत आले. धान्य मदतीतून मिळायचं, पण सरपण बायकांनीच आणायचं. आजूबाजूची झाडं संपत गेली तशी पायपीट वाढली, काहींची सात-सात तासांची. वाटेत हल्लेखोर. मग पुरुष का जात नव्हते? बायकांचा हिशोब सरळ होता: तो गेला तर मारून टाकतील, मी गेले तर निदान जिवंत परत येईन. मार्च २००५ मध्ये 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'ने अहवाल काढला: साडेचार महिन्यांत जवळजवळ ५०० बलात्कारपीडितांवर उपचार. सरकारने काय करावं? संस्थेच्याच दोघांना अटक केली.

२००५ च्या अखेरीस मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ सहकाऱ्यांसह तिथे गेले. सुरुवात भारतातल्या 'तारा' चुलीपासून झाली. पण तिथली भांडी गोल बुडाची, वारा जोराचा, आणि असिदा (आपल्या उकडीसारखा घट्ट प्रकार) घोटताना चूल हलून चालत नाही. बायकांचा स्वयंपाक बघून चूल बदलत गेली. लाकूड निम्म्याहून कमी लागायला लागलं. पुढे पत्र्याचे भाग मुंबईत कापले जायचे, जोडणी अल फाशर शहरात.

मस्त ना? मलाही वाटलं. पण अनेक बायका सरपण विकायच्याही! दळणाला पैसे लागायचे, आणि दुसरी कमाई नव्हती. घरचं लाकूड वाचलं तरी बाजारासाठी जाणं आलंच. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच अर्धी लिहिली होती. त्यात मदतसंस्थांमुळे बांधकामं वाढली, वीटभट्ट्यांनी आणखी झाडं खाल्ली.

२००७ मध्ये बान की मून यांनी या युद्धाचं मूळ काही अंशी हवामानबदलात असल्याचं लिहिलं. पाऊस घटला होता हे खरंच. पण जंजावीदना बंदुका पावसाने नाही, खार्टूमने दिल्या.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये पुन्हा युद्ध सुरू झालं. एप्रिल २०२५ मध्ये अल फाशरजवळची झमझम छावणी निमलष्करी आरएसएफच्या ताब्यात गेली, ऑक्टोबरमध्ये अल फाशरही. जंजावीदमधूनच उभी राहिलेली फौज ती.