तांदळाच्या पिशवीपासून खिचडीपर्यंत

आपल्या २००९ च्या दहावीच्या बॅचने शाळेच्या जेवणाची दोन्ही रूपे पाहिली. आधी घरी न्यायची तांदळाची पिशवी, मग शाळेतच शिजलेली खिचडी. आपल्यानंतरच्या मुलांना पिशवी ठाऊकच नाही, म्हणून हा इतिहास लिहून ठेवावासा वाटला.

आपल्या गुरुजनांच्या पिढीला विचाराल तर ते १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो सांगतील. ती दुष्काळापुरती सोय होती. शाळेत रोज जेवण ही गोष्ट तमिळनाडूने मनावर घेतली, आधी कामराज यांनी आणि १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी. केंद्राची योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. उद्देश शिजवलेल्या जेवणाचा होता, पण महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी सोपा मार्ग धरला: महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांना तो मिळे. पिशवी घरी गेली की तांदूळ साऱ्या घराचा होई. त्यात गैर काहीच नव्हते. पण दुपारच्या सुट्टीत ज्याच्याकडे डबा नसे, त्याच्याकडे तेव्हाही नसेच.

हे बदलले ते न्यायालयामुळे. राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला: प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिजवलेले अन्न द्या, किमान ३०० कॅलरींचे, वर्षातून किमान २०० दिवस. आपल्या ताटात पडलेली पहिली पिवळी खिचडी म्हणजे त्या कागदाचे फळ. मीठ कधी कमी, कधी जास्त, ते सोडा.

तांदूळ मात्र इगतपुरी-पेठचा नव्हे. पंजाब, छत्तीसगडसारख्या राज्यांत हमीभावाने घेतलेला तांदूळ रेल्वेने येतो. भारतीय अन्न महामंडळाचे मोठे गोदाम आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला आहे. धान्य केंद्राचे, डाळ-तेल-मसाल्याचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात, आणि शिजवायला बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्या बायका.

या मावश्यांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. चूल, धूर, शेकडो ताटे, आणि पुन्हा ते भलेमोठे पातेले घासणे. केंद्राने २००९ मध्ये त्यांचे मानधन महिन्याला १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. शिपायाचा पगार आपल्याला ठाऊक होता. मावशींना किती मिळते, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारले नाही.

आपण सहावीत गेलो आणि ताट बंद झाले, कारण योजना पाचवीपर्यंतच होती. सहावी ते आठवीला ती सगळीकडे लागू झाली २००८ मध्ये. तेव्हा आपण दहावीत होतो.