शालवृक्षाचा प्रदेश आणि ‘अकाल’ फुले

पालि वाङ्मयातील प्रसिद्ध शालवने आम्ही नकाशावर मांडून पाहिली. लुम्बिनीचे मंगल शालवन, वज्जींच्या देशातील गोसिंग शालवन आणि कुसिनारेजवळचे मल्लांचे उपवत्तन, ही तिन्ही गंगेच्या उत्तरेस, हिमालयाच्या पायथ्याकडे येतात. शालाचा एक मोठा पट्टा आजही कांगड्यापासून आसामपर्यंत याच पायथ्याने जातो; दुसरा छोटा नागपूर, ओडिशा, छत्तीसगड व पूर्व मध्य प्रदेश येथे आहे. पश्चिमेकडे त्याची जागा साग घेतो. पचमढीच्या वालुकाश्मावर शाल एखाद्या बेटासारखा तग धरून आहे. महाराष्ट्राची वने मात्र मुख्यतः सागाची. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक उपासकांना शाल केवळ नावाने ठाऊक असतो.

बोधिवृक्षाचे तसे नाही. पिंपळाचे बी पक्षी दूरवर नेतात. ते भिंतीच्या फटीतही रुजते. महावंसानुसार बोधिवृक्षाची दक्षिण शाखा अशोकाच्या काळी अनुराधपुरास गेली. शालाचे बी पावसाच्या तोंडावर गळते आणि त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. समुद्रपार नेण्याजोगे ते नव्हेच.

श्रीलंकेतील विहारांत आज ‘सल’ म्हणून ज्या वृक्षाला फुले वाहतात, तो वस्तुतः आपल्याकडचा कैलासपती होय. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका. ऑब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने गयानातील या वृक्षाचे वर्णन १७७५ साली प्रसिद्ध केले. थायलंडमध्येही हाच घोटाळा आढळतो.

श्रद्धेला यामुळे बाध येत नाही, परंतु सुत्ताच्या अर्थाला येतो. महापरिनिब्बानसुत्तात जुळे शाल ‘अकालपुप्फां’नी, म्हणजे अवेळी आलेल्या फुलांनी, बहरल्याचे सांगितले आहे. कैलासपती खोडावर जवळजवळ वर्षभर फुलतो. त्याला अकाल कोणता? खरा शाल वसंतात, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास फुलतो. थेरवादी परंपरा महापरिनिर्वाण वैशाख पौर्णिमेस मानते, आणि त्या वेळी शालाचा हंगाम नुकताच सरत असतो. सर्वास्तिवादी ते कार्तिकात मानीत, अशी नोंद ह्युएनत्संगाने केली आहे. कार्तिकातली शालफुले मात्र निःसंशय अकाली ठरतात. एका शब्दावरून तिथीचा निर्णय होत नाही, हे खरे. तरी हा शब्द कार्तिकाच्या बाजूने अधिक झुकतो, असे आम्हांस वाटते.